एकप्रश्नी मतदान

उमेदवाराची योग्यता, त्याच्या पक्षाचे एकंदर धोरण आणि मागील कारभार यांचा साकल्याने विचार न करता, कोणत्या तरी एकाच प्रश्नावरील त्याची भूमिका पाहून मत देणे, यास एकप्रश्नी मतदान म्हणतात. अमेरिकेत दारूबंदीच्या चळवळीतील अँटी-सलून लीग या संघटनेने हे तंत्र पूर्णत्वास नेले. उमेदवार कोणत्या पक्षाचा, इतर बाबतींत कसा, इतकेच नव्हे तर तो स्वतः मद्य घेतो की नाही, याचीही चौकशी न करता तो दारूबंदीच्या बाजूने हात वर करील काय, एवढेच लीग पाही. 1919 मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती संमत झाली. 1933 मध्ये ती रद्द करावी लागली.

या पद्धतीतील मूळ दोष असा की, मत म्हणजे एका कामापुरती दिलेली चिठ्ठी नसून संपूर्ण मुदतीचे कुलमुखत्यारपत्र असते. मतदार एका प्रश्नाचे उत्तर देतो, परंतु निवडून आलेला मनुष्य जमीनमहसूल, शिक्षण, पाणीपुरवठा, करआकारणी या सर्वांवर त्याच्या नावाने निर्णय घेतो. शिवाय मतपत्रिकेवर कारण नोंदविण्यास जागा नसल्यामुळे विजयी पक्ष आपल्या सोयीचे कारण तिच्यात वाचण्यास मोकळा राहतो.

हा दोष गोव्याच्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. 9 डिसेंबर 1963 रोजी झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, महाराष्ट्रात विलीनीकरण हा जाहीर उद्देश असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्यातील 28 जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. हा विलीनीकरणाचाच कौल होय, असे पक्षाचे म्हणणे होते. पण ज्या बहुजन समाजाने ही मते दिली त्यात भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसणारी कुळे आणि त्यांच्या भाटांत घरे बांधून राहणारे मुंडकार मोठ्या प्रमाणात होते, आणि त्यांच्या दृष्टीने हा पक्ष प्रथम त्यांचा होता, विलीनीकरणाचा नंतर. 1964 च्या कूळ कायद्याने कुळांना मिळालेले संरक्षण पाहता त्यांची ही अपेक्षा अनाठायी नव्हती.

जॅक सिक्वेरा यांच्या विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाने हा प्रश्न विधानसभेच्या बहुमतावर न सोपविता थेट जनतेला विचारावा, असा आग्रह धरला. ही मागणी मान्य झाली. जनमत कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ डिसेंबर 1966 मध्ये पायउतार झाले, आणि 16 जानेवारी 1967 रोजी मतदारांसमोर दोनच चिन्हे ठेवण्यात आली : विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकाने विलीनीकरणाविरुद्धची मोहीम मराठीतूनच चालविली, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावी. फुलाला 1,38,170 आणि दोन पानांना 1,72,191 मते पडली. त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच गोमंतकीयांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. प्रश्न वेगळा काढताच लोकांनी प्रश्नाला एक आणि राज्यकर्त्याला दुसरे उत्तर दिले. या दोन्हींत विसंगती पाहणाऱ्यास मतदाराचे मन कळले नाही, असेच म्हणावे लागेल.

संयुक्त महाराष्ट्र समितीला 1957 मध्ये मिळालेली मते याच वर्गात मोडतात, मात्र त्यांचा न्याय निराळा आहे. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, जनसंघ यांसारखे परस्परविरोधी पक्ष मराठी व गुजराती भाषकांचे द्वैभाषिक मुंबई राज्य मोडण्याच्या एकाच मागणीवर एकत्र आले, आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची अशी दाणादाण उडाली की खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात थोडक्या मतांनी वाचले. ज्या मतदाराला दुसरा कोणताही सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हता, त्याने एकाच प्रश्नावर मत दिले यात त्याचा दोष नाही. त्या मताविना महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा 1 मे 1960 चा दिवस उगवला असता काय, याची शंकाच वाटते. तथापि 1957 मध्येच समिती मुंबई महानगरपालिकेतही सत्तेवर आली, आणि भाषिक राज्यासाठी मिळालेल्या मतांवर तिला शहराची गटारे, नळ नि घरपट्टी यांचा कारभार पाहणे प्राप्त झाले. राज्य मिळाल्यावर घटक पक्षांची एकजूट टिकली नाही, आणि 1962 मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा जिंकल्या.

प्रश्न आणि प्रतिनिधी यांची फारकत करण्याचा गोव्यातील मार्ग हाच या दोषावरचा खरा उपाय होय. परंतु भारताच्या संविधानात अशा कौलाची कायम तरतूद नाही. गोव्यासाठी संसदेला 1966 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता.