सात औट किती?

दिवेलागणी झाली, बैल कोठ्यात बांधून झाले, की आबाजी सपरीत बाजेवर येऊन बसायचे. चिमणी खांबाच्या खिळ्याला टांगलेली. आम्ही चार नातवंडं खाली ओळीनं, भिंतीला पाठ न टेकता. पाठ टेकली की डोळे मिटतात, असं त्यांचं म्हणणं. पाटी नाही, पुस्तक नाही.

"म्हन बाबू, सात औट?"

ज्याच्याकडे बोट, त्यानं उत्तर द्यायचं. "साडेचोवीस." चुकलं तर मार नव्हता. चुकलेलं पोर सगळ्यांत शेवटी जेवायला बसायचं, एवढंच. पण शेवटच्या ताटापर्यंत वांग्याची भाजी क्वचितच उरायची, त्यामुळे पाठांतर पक्कं होत गेलं.

हा आमचा परवचा. साल १९६० च्या आसपासचं, गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं. मी दुसरीत होतो. शाळा तेव्हा जनपद सभेची होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषद आली, दारावरच्या पाटीवरचं नाव बदललं, गुरुजी तेच राहिले. शाळेत वाचन, शुद्धलेखन, कविता होत. पण आकडेमोडीचा खरा अभ्यास घरीच व्हायचा, तोही अंधारात, तोंडी.

आबाजी स्वतः शिकले ते धूळपाटीवर. चुलबंद नदीची बारीक वाळू फळीवर पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, गुरुजींनी मान डोलावली की हातानं पुसून पुढचं. वाळूवर लिहिलेलं जपून ठेवता येत नाही. वही उघडून पाहण्याची सोयच नसल्यामुळे जे यायचं ते डोक्यातच ठेवावं लागे. मोठा मुलगा धाकट्याला गिरवायला बसवी आणि गुरुजी कोपऱ्यातून लक्ष ठेवीत. मद्रासच्या अनाथालयाची शाळा सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्यानं तिकडच्या देशी शाळेत मुलं अशीच वाळूत लिहिताना पाहिली आणि ती रीत उचलली. मोठ्यांनी लहानांना शिकवायचं, ही पद्धतही त्यानं तिथंच बसवली. १७९७ साली त्यानं त्यावर लंडनमध्ये अहवाल छापला. पुढे इंग्लंडमधल्या हजारो गरीब मुलांना याच पद्धतीनं अक्षरओळख झाली, आणि काही वर्षांनी आपण तीच पद्धत साहेबाची म्हणून शिकलो.

परवचा म्हणजे नुसते दोन ते तीसचे पाढे नव्हेत. पाढे ही पहिली पायरी. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. आज हा शब्द 'औट घटकेचा राजा' एवढ्यातच उरला आहे आणि बहुतेकांना तो इंग्रजी 'आउट' वाटतो. राजा आउट होतोच म्हणा, पण ते साडेतीन घटकांनी.

हे अपूर्णांकांचे पाढे हौसेनं कुणी केले नव्हते. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, शेर, पावशेर, अदपाव, हे सगळं जग चौथाईचं होतं. आमच्याकडे तर गावातली मालगुजारीही आण्यांत वाटलेली असे: अमक्याचे आठ आणे, तमक्याचे अडीच. सहा आणे शेर दराचा गूळ साडेतीन शेर घेतला तर? सहा औट एकवीस. एकवीस आणे, म्हणजे एक रुपया पाच आणे. वाण्यानं तराजू खाली ठेवायच्या आत आबाजींचं उत्तर तयार.

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. सोळाचा रुपया शंभराचा झाला. एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे म्हणजे बारा. इथवर ठीक. पण तीन आणे म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस, सहा म्हणजे सदतीस. साकोलीच्या बाजारात आबाजींनी हा हिशेब ऐकला तेव्हा ते दुकानदारावर चिडले, तो ठकवतो आहे असं समजून. बिचारा सरकारी तक्ता दाखवत होता. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. औटकीला कुणी बंदी केली नाही. तिला बाजारात काम उरलं नाही आणि दहाएक वर्षांत ती घरातूनही गेली. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र आणा टिकला. सरकारी कागदावर आता पिकाची पैसेवारी असते आणि ती पन्नास पैशांच्या खाली उतरते का याकडे धानवाल्यांचे डोळे लागलेले असतात, पण जुनी माणसं अजून 'आणेवारी'च विचारतात.

आबाजींचं हे कौतुक सांगताना एक गोष्ट लपवणं बरं नाही. आमच्या परवच्याला माझ्या आत्या कधी बसल्या नाहीत. आजीलाही अक्षर येत नव्हतं, पण खळ्यावर धान मोजायला तिच्याइतकं भरवशाचं कुणी नव्हतं. "लाभ, दोन, तीन..." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. वीस कुडव झाले की एक दाणा बाजूला, म्हणजे एक खंडी. तिची उजळणी वर्षातून एकदाच, सुगीला व्हायची.

आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला परवचा घेणारं कुणी नव्हतंच. संध्याकाळी विचारायला घरात शिकलेलं माणूस लागतं. ज्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांना शाळेच्या आत येऊच दिलं नव्हतं, त्यांनी ते कुठून आणायचं? १९५४ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पडले. मी तेव्हा अगदी लहान होतो. पुढे मास्तर झाल्यावर पाहिलं की त्या वस्तीतल्या घराघरांत त्यांचा फोटो असायचा आणि त्याखाली मुलाचं दप्तर लटकवलेलं. आता १४ एप्रिलच्या सुमारास कितीतरी कॉलेजांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मीही एका वर्षी मुलांबरोबर बसलो. अकराव्या तासाला माझी मान पुस्तकावर गेली. अभ्यासाला बैठक लागते, हे त्या दिवशी मुलांना कळतं आणि अभिवादन म्हणून ते मोठंच आहे. पण बाकीच्या ३६४ दिवशी अर्धा तास बसणं जास्त अवघड, हे मी त्यांना सांगत असे. ते त्यांना आवडत नसे.

नोकरीत मला विसरण्याचा अभ्यास झाला तो धानाच्या रोवणीमुळे. आमच्याकडे जुलैत पाऊस जमला की वर्ग रिकामा. पोरं बांधीत, चिखलात, पऱ्हे पोहोचवायला. तीन आठवड्यांनी परत येत तेव्हा जूनमध्ये शिकवलेलं धुऊन गेलेलं असे. पहिली काही वर्षं मी सगळं पुन्हा शिकवत बसलो. मग आबाजींची युक्ती केली: शिकवायचं नाही, नुसतं विचारायचं. पुस्तक मिटून, बोट दाखवून. दोन-चार दिवसांत निम्मं परत येई, आणि असं परत आलेलं पुन्हा सहसा जात नसे. हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती दिवसांत किती विसरतं ते मोजलं आणि १८८५ मध्ये पुस्तक लिहिलं, हे मी फार उशिरा वाचलं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवणारे पुढे. आमच्या सपरीतली वांग्याची भाजी त्यांच्या हिशेबात नव्हती, बाकी प्रयोग तोच.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी महिनाभर पोरांना रात्री शाळेतच झोपायला बोलवायची रीत आमच्या पिढीच्या मास्तरांनी पाळली. पोरं घोंगडी घेऊन येत. मध्ये कंदील. घरी विचारणारं कुणी नाही त्यांना विचारणारं माणूस मिळे, हा त्यातला खरा फायदा. जागरणाचा मला तरी काही उपयोग दिसला नाही, म्हणून दहाला कंदील बारीक करायचो. पहाटे पाचला पुन्हा तोंडी प्रश्न, तोंड धुवायच्या आधी.

'घोकंपट्टी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो आणि जुन्या सगळ्या अभ्यासावर तो चिकटवून देतो. मला हे पटत नाही. घोकणं आणि विचारणं या दोन गोष्टी होत्या. अपेक्षित प्रश्नसंच आले, गाइडं आली, उत्तर प्रश्नाच्या खालीच छापलेलं मिळू लागलं. आपण घोकणं ठेवलं आणि विचारणं टाकलं.

माझी नात भंडाऱ्यात एका अभ्यासिकेत जाते, स्पर्धा परीक्षेसाठी. पंखा, वायफाय, प्रत्येकाला वेगळा कप्पा, बोलायला मनाई. तिच्या पुस्तकातली पानंच्या पानं पिवळ्या शाईनं रंगलेली आहेत. रविवारी ती गावी येते तेव्हा मी पुस्तक मिटून माझ्या मांडीवर घेतो आणि विचारतो. पहिल्या दोन रविवारी ती रागावली. तिसऱ्या रविवारी तिनंच पुस्तक माझ्याकडे दिलं.

मला स्वतःला औटकी आता वीसपर्यंत धड येत नाही, पाऊणकी तर मधल्या मधल्या पायऱ्या गाळूनच येते. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, इकडे कुणाच्या माळ्यावर हाताने लिहिलेली पाढ्यांची जुनी उजळणी असेल, तर ती रद्दीत देऊ नका. आणि घरात पंच्याऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांना सात औट किती ते विचारून पाहा.