कलाभवनाचा विद्यार्थी

दादासाहेब फाळके म्हटलं की नाशिककर पटकन त्र्यंबकेश्वर सांगतात, आणि ते खरंच आहे. ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके तिथेच जन्मले. मी मात्र त्यांची गोष्ट मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यापासून सांगते. कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. या सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढलं. आपल्या जिल्ह्यातल्या एका मुलाने शाळा उभी केली आणि दुसरा तिच्यात घडला, ही गोष्ट नाशकात जितकी बोलली जायला हवी तितकी बोलली जात नाही.

कलाभवनात चित्रकला होतीच, पण तिच्याच शेजारी कापड रंगवण्याचं रसायन, यंत्रकाम, विणकाम, स्थापत्य हेही शिकवलं जाई. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे, सुतार घराण्यातले, आणि पक्के रसायनशास्त्रज्ञ. दामोदर चाफेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतलं, ते डाग पुढे निघाले ते गज्जरांच्या हातून. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याचं शिक्षण अडू नये, शास्त्र आपल्या भाषेतून शिकवावं, हा त्यांचा आग्रह होता. आज दीडशे वर्षं व्हायला आली तरी आपण या प्रश्नाशी झगडतो आहोत; त्यांनी तेव्हाच कामाला हात घातला होता.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून फाळके बडोद्याला आले. चित्र, मूर्तिकाम, स्थापत्य सगळं केलं. १८९२च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या नमुन्याला सुवर्णपदक मिळालं. पण गज्जरांनी या मुलात आणखी काही ओळखलं असावं. कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि ग्रंथालय त्यांनी फाळक्यांना वापरायला मोकळं करून दिलं आणि तीन रंगांचे ब्लॉक करायचं काम शिकायला रतलामला पाठवलं. माझ्या मते भारतीय सिनेमाची पायाभरणी इथे झाली. तीन रंगांचा ब्लॉक करायचा तर एकेक रंग फिल्टर लावून वेगळा काढावा लागतो. कोणता रंग प्लेटला दिसतो, कोणता दिसत नाही, हे ज्याला हाताने कळलं, त्याला फिल्म परकी वाटली नाही.

हे मी ठामपणे म्हणते, कारण माझं निम्मं आयुष्य डार्करूममध्ये गेलं. रविवार कारंज्याजवळ आमचा स्टुडिओ होता. फोटो वडील काढत. डेव्हलपर, हायपो, धुणं-वाळवणं आई आणि मी बघायचो. मे महिन्यात डेव्हलपर तापला की निगेटिव्हवरचा थर मऊ पडून सुटायला लागे, म्हणून आई ट्रेखाली माठाच्या पाण्याची परात ठेवी. साहजिकच फाळक्यांबद्दल वाचताना माझं लक्ष त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंवर खिळतं.

१९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा आणला, भोकं पाडायचं यंत्र आणलं आणि कोरी फिल्म मागवली. या फिल्मला कडेची भोकं नसत. ती घरीच, अंधारात पाडायची. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला प्रत्येक कडेने चार भोकं, एका फुटात सोळा चौकटी. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस भोकं. त्यांचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. एकट्या त्या लांबीचा हिशोब पावणेपाच लाखांच्या घरात जातो, आणि त्यात वाया गेलेली फिल्म धरलेलीच नाही. पंच यंत्र मारतं, पण फिल्म सरळ आणि ताणून द्यायची ती माणसानेच. दोन भोकांतलं अंतर पाच मिलिमीटरही नाही. ते जरा चुकलं की पडद्यावर राजा उड्या मारू लागणार. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. त्या रसायनं कालवत, फिल्म धूत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. फाळके दादासाहेब झाले, त्याच्या मागे हे हात आहेत.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे लाल दिव्याखाली काम करता येई, पण त्यामुळेच कुंकू आणि रंगवलेले ओठ पडद्यावर काळे पडत. रंगभूषा माणसाच्या डोळ्याला नव्हे, फिल्मला पटेल अशी करावी लागे. ब्लॉकच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि त्यानंतर फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकाला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथलाच, १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोघेही झाले, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथे निघाली, १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं होतं. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत म्हणा. लोक हे गंमत म्हणून सांगतात. मला ते अगदी खरं वाटतं, कारण तो कारखानाच होता, आणि कारखाना कसा चालतो हे मालकाने बडोद्यात पाहिलं होतं.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ला नाशकातच गेले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनलं. या शाखेचे माजी विद्यार्थी मोजताना इंजिनिअरांबरोबर फाळक्यांचं नावही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली देविकाराणींपासून सुरू झाला आणि बहुतेक वेळा नटनट्या, दिग्दर्शक, गायक-संगीतकारांकडे गेला. २००८ सालचा मात्र व्ही. के. मूर्तींना मिळाला. ‘कागज के फूल’ टिपणारा हा कॅमेरामन, आणि त्यानेही आपलं काम बंगळुरूच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकून घेतलं होतं. ती बातमी मी आईला दोनदा वाचून दाखवली.