भडंगाची उधारी

सँडविच या पदार्थाला एका इंग्रज उमरावाचं नाव मिळालं आहे. अठराव्या शतकात सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू जुगाराच्या टेबलावरून उठेना, म्हणून त्याने पावाच्या दोन कापांत मांस घालून तिथेच मागवलं, अशी कथा सांगतात. पुढे त्याच्या एका चरित्रकाराने म्हटलं, छे, जुगार कसला, तो आरमाराच्या कामात बुडालेला असणार! आमच्या होस्टेलातही रात्री दार वाजलं की पत्ते गादीखाली जात आणि पुस्तकं वर येत. चरित्रकार रेक्टरांसारखेच भोळे असतात.

एका हाताने खायचं आणि दुसरा मोकळा ठेवायचा, हा शोध सांगलीत स्वतंत्रपणे लागला. त्याचं नाव भडंग. चिवड्याशी त्याचं नातं जोडू नका, दोन्ही घराणी रागावतील. जाड, टपोरे चुरमुरे. तेलात शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीलिंब. मग हळद, लाल तिखट, मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर. हे सगळं हलक्या हाताने कालवायचं, कारण चुरमुरा तुटला की अब्रू गेली. हळद तर घरचीच. शेजारच्या हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवत. 2005 च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवं बुडवली.

भडंगाला गिऱ्हाईक हवं होतं, ते कॉलेजांनी पुरवलं. 1919 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढलं. 1947 साली धोंडूमामा साठ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, तेच पुढे वालचंद झालं. मधल्या काळात एक गंमत झाली. 1949 ते 1960 या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. म्हणजे अकरा वर्षं भडंग सरकारदप्तरी सातारचं! मी सातारचा असल्याने हा मुद्दा सांगलीत बरेचदा मांडला. एकदाही जास्त भडंग मिळालं नाही.

सातारकडे मुलांच्या पोटाचा इतिहास जरा गंभीर आहे. त्याच 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथलं धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. कॉलेजांच्या इतिहासात इमारतींची लांबी-रुंदी असते. पोरं काय जेवली, कोणाच्या जिवावर जेवली, हे पान बहुधा गळतं.

आमचं ते पान एका दुकानात होतं. गोरे बंधूंचं भडंग पुड्यांतून गावोगाव गेलं. आमच्या दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. काकू आत कालवायच्या, काका पुड्या बांधायचे, मुलगा गल्ल्यावर. उधारीच्या वहीत आमची नावं नसत, खोल्यांचे नंबर असत. महिनाअखेरीस मेसचे पैसे थकले की रात्रीचं जेवण म्हणजे काकांची पुडी आणि वर तांब्याभर पाणी. पोट चुरमुऱ्याने भरतं की पाण्याने, यावर इंजिनिअरिंगच्या पोरांत मतभेद होते.

एका वर्षी मी गणितात गेलो. त्या वेळी वहीत माझे चौदा रुपये होते. परत आल्यावर मी दुकान चुकवून लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. चौथ्या दिवशी मुलगा खोलीवर पुडी घेऊन हजर. म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, नापास झालास म्हणून उधारी बुडत नाही. आणि उपाशीपोटी गणित सुटत नाही. हे धरून साडेचौदा."

ऑक्टोबरला सुटलो. सातारला पास होणाऱ्याने कंदी पेढे वाटायचे, हा अलिखित कायदाच आहे. खरपूस भाजलेल्या खव्याचे अर्धा किलो पेढे आणि एकोणीस रुपये घेऊन (दरम्यान गणित चालू होतं) मी दुकानात गेलो. काकांनी आधी नोटा मोजल्या, मग वहीतल्या नंबरावर काट मारली. काकूंनी पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. लसणाचा हात लागला म्हणाल्या. काकांनी दुसरा तोंडात टाकून डोळे मिटले.

"छान आहे रे," ते म्हणाले. "जरा तिखट हवं होतं."