विखुरलेला पुरावा आणि अपुऱ्या दिवसांची बाळे

विज्ञानात प्रयोगाला मोठा मान आहे. प्रयोग करणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते. पण निरनिराळ्या ठिकाणी झालेले प्रयोग गोळा करून, त्यांची छाननी करून ‘या सगळ्यातून निष्पन्न काय झाले?’ हे सांगणारा माणूस मात्र कारकुनी काम करणारा समजला जातो. या समजुतीची केवढी किंमत मोजावी लागते, हे वैद्यकाच्या इतिहासातील एका प्रकरणावरून पाहू.

गर्भातील बाळाची फुप्फुसे शेवटच्या काही आठवड्यांत पक्व होतात. त्याआधी वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध पदार्थ त्यांत पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मताच श्वासासाठी धडपडते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती सुरू कशामुळे होते, हे त्यांना शोधायचे होते. गर्भातील कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर ती लवकर जन्मत. इतक्या लवकर जन्मलेल्या कोकरांना श्वास घेता येऊ नये. पण ती घेत होती! औषधामुळे फुप्फुसे लवकर तयार झाली असावीत, असा तर्क लिगिन्स यांनी केला आणि १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

पुढची पायरी माणसांची. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी अपुऱ्या दिवसांत प्रसूत होण्याची शक्यता असलेल्या २८२ मातांवर चाचणी घेतली. कोणत्या मातेला स्टेरॉइड द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूती आपोआप लवकर सुरू झालेल्या मातांमध्ये, औषध दिलेल्या गटातील ३.२ टक्के बाळे पहिल्या काही दिवसांत दगावली. न दिलेल्या गटातील १५ टक्के.

मग हा उपचार लगेच सर्वत्र सुरू झाला का? नाही. शंका घेणे योग्यच होते, म्हणून इतरांनीही चाचण्या घेतल्या. दहा वर्षांत अशा सात चाचण्या झाल्या. पण त्यांतील बहुतेक लहान होत्या. एकेकटी वाचली, तर ‘फायदा दिसतो, पण तो योगायोगही असू शकेल’ एवढेच म्हणता येई.

हे वर्गात सहज दाखवता येईल. समजा, एका नाण्याचा छापा शंभरात साठ वेळा पडतो. एका विद्यार्थ्याने ते वीस वेळा उडवले आणि बारा छापे आले. नाणे खोटे आहे असे तो म्हणू शकेल का? नाही; खऱ्या नाण्यानेही असे पुष्कळदा होते. पन्नास विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाची हीच अडचण होईल. पण सर्वांच्या मिळून हजार फेकींत सहाशे छापे आले, तर शंकेला जागा उरत नाही. पुरावा वर्गात होताच. तो पन्नास वह्यांत विखुरलेला होता.

वैद्यकातील या विखुरलेपणावर ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी बोट ठेवले. प्रत्येक शाखेतील सर्व नियंत्रित चाचण्यांचा चिकित्सक सारांश वैद्यकाने तयार ठेवलेला नाही आणि तो वेळोवेळी सुधारलाही जात नाही, अशी टीका त्यांनी १९७९ मध्ये केली. इयन चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे गर्भारपण व बाळंतपणातील चाचण्या शोधून एकत्र केल्या. स्टेरॉइडच्या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध व्हायला १९८९ साल उजाडले. १९९१ पर्यंत आणखी सात चाचण्या झाल्या होत्या आणि चित्र पक्के झाले होते : या स्वस्त उपचाराने अशा बाळांच्या मृत्यूची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते. पहिल्या सात चाचण्या १९८२ च्या सुमारास एकत्र मांडल्या असत्या, तरी हेच दिसले असते. मधल्या काळात हजारो बाळे विनाकारण दगावली असावीत. औषध होते, पुरावाही होता; तो मांडलेला नव्हता.

१९९३ मध्ये कॉक्रन यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात याच सात चाचण्यांच्या सात आडव्या रेषा आहेत. मधली उभी रेषा म्हणजे ‘काही फरक नाही’. सातांपैकी बहुतेक रेषा तिला छेदतात. पण सर्वांचा एकत्रित निष्कर्ष दाखवणारी खालची खूण तिच्या डावीकडे, म्हणजे फायद्याच्या बाजूला आहे.

मात्र आढावा म्हणजे नुसती बेरीज नव्हे. तो शिकावा लागतो. आधी प्रश्न नेमका करायचा : कोणाला, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, कोणत्या परिणामासाठी? कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि कोणत्या नाही, याचे नियम निकाल पाहण्याआधीच लिहून ठेवायचे. नाहीतर आपल्या मताला सोयीच्या चाचण्या निवडण्याचा मोह होतो. मग शोध. फायदा दाखवणारी चाचणी चटकन छापली जाते, काहीच न आढळलेली टेबलाच्या खणात पडून राहते. म्हणून अप्रकाशित चाचण्याही शोधाव्या लागतात. निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची, प्रत्येक चाचणीचा दर्जा तपासायचा आणि आकडे जुळवणे योग्य असेल तरच जुळवायचे. शेवटी सर्व पद्धत उघड लिहायची, म्हणजे दुसऱ्याला ती तपासता येते.

आणि आढाव्याला पूर्णविराम नसतो. सुरुवातीच्या चाचण्या बहुतांशी सुसज्ज रुग्णालयांतल्या. खेडोपाडी हाच उपचार वाढवला तर काय होईल, हे पाहण्यासाठी सहा देशांत मोठी चाचणी झाली. तीत नागपूर आणि बेळगाव परिसराचाही सहभाग होता. २०१५ मध्ये निष्कर्ष आले ते धक्कादायक होते. उपचार वाढवलेल्या भागांत दर हजारी २७.४ नवजात बाळे दगावली, इतर भागांत २३.९. इंजेक्शन मिळालेल्या अनेक माता पुढे पूर्ण दिवसांनीच प्रसूत झाल्या होत्या. मग भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत, गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित करून, नवी चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत पुन्हा फायदा दिसला : औषध मिळालेल्या गटातील १९.६ टक्के बाळे दगावली, दुसऱ्या गटातील २३.५ टक्के. औषध तेच होते. ‘कोणाला आणि कुठे’ हा प्रश्न निर्णायक ठरला.

‘नव्या संशोधनाने सिद्ध झाले’ अशी बातमी विद्यार्थी वर्गात घेऊन येतात. तेव्हा बातमी खरी की खोटी, याचा निवाडा देण्याची घाई आपण करू नये. त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हा प्रयोग आणखी कोणी केला आहे का? त्या सर्वांचे मिळून काय दिसते? आणि ते कोणत्या लोकांमध्ये दिसले? या तीन प्रश्नांची उत्तरे वेळेवर शोधली गेली असती, तर वरच्या कथेतील बरीच बाळे वाचली असती.