रायफलीचा धक्का आणि हरणाची शिकार

गोळी पुढे सुटताच रायफल मागे रेटली जाते. हा धक्का न्यूटनच्या तिसऱ्या गतिनियमाचा परिणाम होय. गोळी जड, वेग अधिक व रायफल हलकी असेल, तर धक्का वाढतो. त्याच्या भीतीने नेमबाज चाप ओढताना दचकतो, नेम चुकतो आणि हरिण जखमी होऊन तडफडते. म्हणून शिकार कायदेशीर असलेल्या देशांत नवख्यांना .२४३ विंचेस्टर (१९५५) हे कॅलिबर सुचविले जाते. त्याची गोळी सुमारे साडेसहा ग्रॅमची, तर .३०-०६ ची बहुधा पावणेबारा ग्रॅमपर्यंत असते. दस्त्यावरील रबरी गादीही धक्का सौम्य करते.

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या (ता. अंबड) शेतकऱ्यासाठी मात्र ही निवड लागू नाही. काळविटाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असून त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो. शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. हरणांनी पीक खाल्ल्यास तत्काळ वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा व नुकसानभरपाई मागावी, हाच कायदेशीर मार्ग होय.