पाणी धरणारी जाळी

भिजवलेला सब्जा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. इवलेसे काळे बी आणि भोवती पाण्याचा लवलवता गोळा. आमच्या चाकूरकडे एका शेतकऱ्याने अशीच फुगणारी भुकटी आंब्याच्या आळ्यात घालायला आणली. वाटीभर पावसाच्या पाण्यात ती मस्त फुगली. बोअरच्या पाण्यात निम्मीही फुगेना. दुकानदाराने फसवले, असे तो म्हणाला. मलाही तसेच वाटले. पण दोष भुकटीचा नव्हता.

या जातीच्या पदार्थांवर पुण्यात मोठे काम झाले आहे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये दाखल झाले. स्टार्चपासूनची ‘जलशक्ती’ याच प्रयोगशाळेतली. नाव ऐकूनच कोरडवाहू माणसाचा जीव सुखावतो. अशा पदार्थात लांबलचक रेणूंची जाळी असते. तिच्या धाग्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भारांचे आपसांत पटत नाही. धागे दूर सरकतात, आणि सोबतचे सोडियमचे धनभारित कण पाणी आत ओढतात. बोअरच्या जड पाण्यात मात्र कॅल्शियम असते. हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो ना, त्यातले. त्याच्या कणावर दोन भार. दोन हात म्हणा. एका हाताने तो एक धागा धरतो, दुसऱ्याने दुसरा. जाळी आखडते.

ही पकड कामाला लावली तर? शायनी वर्गीस, आशिष लेले आणि माशेलकर यांचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. जेलचे कापलेले तुकडे, मध्ये तांब्याच्या क्षाराचे पातळ द्रावण, बस्स. तुकडे सांधले गेले! सगळी करामत तांब्याची नव्हती. या जेलच्या धाग्यांना लांब, लवचिक फांद्या होत्या, टोकाला आम्लाचा गट. फांद्या काप ओलांडून पलीकडे पोचत आणि तांब्याचा कण दोन्हीकडची टोके धरी. फांदी आखूड असती तर हात पोचलाच नसता.

वर्गीस पुढे कॅलिफोर्नियात गेल्या. २०१२ मध्ये त्यांच्या चमूने धातूही वगळला. आम्लयुक्त पाण्यात त्यांचा जेल काही सेकंदांत सांधे, आम्ल उतरले की सुटे.

त्या शेतकऱ्याला मी दोन हातांची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, “पटलं भाई. पर उन्हाळ्यात पावसाचं पानी कुठून आनू?” मिरजेचे पाणी रेल्वेने लातूरला आले, त्या २०१६ च्या एप्रिलनंतरचे हे बोलणे.