हॉट हॅचचं वजन

१९७५ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय दाखवली, तेव्हा बेत जेमतेम ५,००० गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या! इंजिन १.६ लिटरचं, ११० अश्वशक्तीचं. पण मंडळी, खरी जादू वजनात: ८१० किलोच्या आसपास. रोज ऑफिसला न्या, रविवारी घाटात दामटा.

आता इलेक्ट्रिकचे दिवस. २०२३ मध्ये फोर्डनं फिएस्टा बंद केली, सोबत तिची एसटीही गेली (आपला लाल डबा नव्हे!). त्याच वर्षी ह्युंदाईची आयोनिक ५ एन आली. ताकद सहाशे अश्वशक्तीच्या वर. इंजिनाचा आवाज नि गिअरचे झटके चक्क सॉफ्टवेअरनं काढते. आम्हा कोडवाल्यांची कॉलर ताठ! पण वजन २.२ टन. त्यावर कुठला पॅच लिहिणार? अल्पाइननं २०२४ मध्ये ए२९० दीड टनाच्या आत बसवलीय, तेवढाच दिलासा.